सोसणं म्हणजे क्षमा नव्हे

(महाबळेश्वर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



आपल्या ह्या गावाच्या पोटापाण्यात नव्या संसारांचा मोठा वाटा आहे. लग्नसराई सुरू झाली की हातावरची मेंदी अजून न उतरलेल्या जोडप्यांनी वेण्णा तलावाचा काठ भरून जातो. घोडेवाले, टॅक्सीवाले, हॉटेलवाले, स्ट्रॉबेरीचे शेतकरी ह्या सगळ्यांच्या चुली त्या आनंदावर पेटतात. अशा गावात 'क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट' हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. संसार सुरू होताना अक्षता टाकायला आपण सगळे असतो. तोच संसार असह्य होतो तेव्हा त्या घरातलं माणूस एकटं पडतं आणि एकट्यानंच कोर्टाची पायरी चढतं. तिथं त्याला जो सर्वांत अवघड प्रश्न विचारला जातो, त्याचं उत्तर बऱ्याचदा त्याच्याजवळ नसतं, आपल्याजवळ असतं.

तो प्रश्न असा : एवढं सगळं होत होतं, तर तुम्ही राहिलात कशाला? राहिलात म्हणजे माफच केलंत ना?

साताऱ्याच्या ह्या मुलखात वकिली करताना हा प्रश्न मी उलटतपासात वारंवार ऐकला आहे. त्याला माझं उत्तर आज तुमच्यासमोर मांडायचं आहे. सोसणं म्हणजे क्षमा नव्हे. आणि सोसणाऱ्या माणसाच्या सोसण्याचं क्षमेत रूपांतर करणारे कागद आपणच, चांगल्या हेतूनं, तयार करत असतो.

'हात उचलतो का?'

माहेरी परत आलेल्या मुलीला घरचे पहिला प्रश्न विचारतात, 'हात उचलतो का?' ती 'नाही' म्हणाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग सल्ले सुरू होतात. पडतं घे, जुळवून घे, एक मूल झालं की सगळं सुरळीत होईल. मुलगा असेल आणि बायकोच्या वागण्यानं पिचला असेल, तर त्याला तेवढाही प्रश्न कुणी विचारत नाही. 'बायकोला घाबरतोस काय' म्हणून त्याची बोळवण होते.

हा 'हात उचलतो का' प्रश्न एकेकाळी न्यायालयांचाही होता. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानं १८९७ मध्ये रसेल खटल्यात क्रूरतेची कसोटी ठरवून टाकली : जीवाला, अवयवाला किंवा आरोग्याला धोका पाहिजे. त्या प्रकरणात पत्नीनं नवऱ्यावर अत्यंत गंभीर आणि खोटा आरोप केला होता. तरीही जीवाला धोका नाही, म्हणून ती क्रूरता ठरली नाही. इंग्रजी अमलात आपल्याकडच्या न्यायालयांनी बराच काळ हीच मोजपट्टी वापरली. जखम दाखवा, मग बोला.

हिंदू स्त्रीला तर जखम दाखवूनही कायद्यानं सुटका मागता येत नव्हती. मुंबईच्या रखमाबाईंना त्यांच्या नवऱ्यानं १८८४ मध्ये कोर्टात खेचलं, ते नांदायला या म्हणून. बालपणी लावलेलं ते लग्न त्यांना मान्य नव्हतं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला, पण अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही, असं त्या बाईंनी सांगितलं. पुढं तडजोडीनं प्रकरण मिटलं, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांच्या खटल्यात क्रूरतेचा आरोपच नव्हता, कारण त्या कधी नांदायला गेल्याच नव्हत्या. पण माणसाच्या मनाविरुद्ध त्याला एका घरात ठेवण्याचा अधिकार कायद्याला आहे का, हा प्रश्न त्यांनी अख्ख्या देशासमोर उभा केला.

'आपल्यात घटस्फोट नव्हता'

हे वाक्य मी सभांमधून ऐकते, आणि ते अर्धवट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्परांच्या द्वेषावरून विवाहातून मुक्त होण्याची तरतूद आहे. मात्र धर्म्य मानलेले चार विवाहप्रकार त्यातून वगळले आहेत. आपल्या दख्खनच्या गावगाड्यात बहुजन समाजातल्या अनेक जातींत काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, पाट होता. एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील यांनी पुण्यात बसून जातीजातींच्या रीतींची नोंद केली, ती १८२७ मध्ये छापली गेली. त्या नोंदींत ह्या चाली आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं कलम २९ मध्ये रूढीनं मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला तो ह्याच कारणानं. तेव्हा नव्हता तो वरच्या जातींत. आणि प्रतिष्ठेची कल्पना वरून खाली झिरपत गेली, तशी ज्यांच्याकडे सुटकेची वाट होती त्यांनीही ती लाजेखातर बुजवून टाकली.

आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास शिक्षा ठरवणारा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असा कायदा नव्हता. स्वतंत्र भारताच्या दंडविधानात पतीच्या क्रूरतेबद्दलचं ४९८ अ हे कलम आलं १९८३ मध्ये, म्हणजे चौसष्ट वर्षांनी. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये झाला. मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली आणि १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. त्या द्विभार्या बंदीला आव्हान दिलं गेलं तेव्हा १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्या पीठावर मुख्य न्यायमूर्ती छागला होते आणि त्यांच्या शेजारी साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर होते. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

ह्या सगळ्यात एक गोष्ट नीट पाहा. द्विभार्याबंदी येईपर्यंत पुरुषाला घटस्फोटाची गरजच नव्हती. पहिली नकोशी झाली की तो दुसरी आणत असे आणि पहिली त्याच घराच्या मागच्या पडवीत आयुष्य काढत असे. घटस्फोटाचा हक्क मागितला गेला तो तिच्यासाठी. 'घटस्फोटानं संसार मोडतात' असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचं आहे, की तिचा संसार कायदा येण्याच्या कितीतरी आधी मोडलेला होता.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही क्रूरतेला थेट घटस्फोटाचं कारण मानलं नाही. क्रूरता सिद्ध केली तर न्यायिक फारकत मिळे, म्हणजे वेगळं राहण्याची मुभा, लग्न मात्र तसंच. ती फारकत मिळून ठरलेला काळ लोटला आणि दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तरच घटस्फोटाकडे जाता येई. शिवाय कलमात अट होती : एकत्र राहणं अपायकारक ठरेल अशी वाजवी भीती अर्जदाराच्या मनात निर्माण होईल अशी ती क्रूरता हवी. १९७६ च्या दुरुस्तीनं ही अट कलमातून काढली आणि क्रूरता हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण झालं. त्याच दुरुस्तीनं परस्परसंमतीचा घटस्फोटही आणला.

मुस्लिम स्त्रियांसाठीचा १९३९ चा विवाहविच्छेद कायदा ह्या बाबतीत पुढं होता. नवऱ्याच्या वागण्यानं बायकोचं जगणं नकोसं झालं असेल, तर अंगाला हात लावला नसला तरी ती क्रूरता, असं त्यात तेव्हाच लिहिलेलं आहे. ख्रिस्ती भगिनींना मात्र १८६९ च्या कायद्यानं नुसती क्रूरता पुरेशी नव्हती, तिच्या जोडीला नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ती अट मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ मध्ये रद्द ठरवली आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. महाबळेश्वर-पाचगणीत सर्व धर्मांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, म्हणून हेही सांगितलं.

एक मराठी खटला

आता ज्या खटल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, त्याकडे येते. दास्ताने विरुद्ध दास्ताने. १९५६ मध्ये लग्न झालेल्या एका सुशिक्षित मराठी जोडप्याचा हा वाद पुण्याच्या न्यायालयात सुरू झाला आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. निकाल लिहिला पुण्याच्याच न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी. भारतात क्रूरतेवरचा जवळजवळ प्रत्येक युक्तिवाद आजही ह्या निकालापासून सुरू होतो. अर्जदार नवरा होता, हेही ध्यानात ठेवा. विवाह कायद्यातल्या क्रूरतेला स्त्री-पुरुष असा भेद नाही.

ह्या निकालानं तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, इंग्लंडची 'जीवाला धोका' ही कसोटी आपल्या कायद्याला लागू नाही. जोडीदारासोबत राहणं आपल्याला अपायकारक ठरेल अशी वाजवी भीती पुरेशी आहे. दुसरी, फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथं लागत नाही. दोन्ही बाजू तोलून जे अधिक संभवनीय वाटतं ते सिद्ध झालं असं धरायचं. तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. न्यायालयासमोर आदर्श पती आणि आदर्श पत्नी उभे नसतात, समोर असतात ते हा माणूस आणि ही बाई. ह्या दोघांच्या स्वभावांना, शिक्षणाला, परिस्थितीला धरून वागणं तोलायचं. एकाच्या घरात शिवी ही नित्याची असेल, दुसऱ्याच्या घरात महिनाभर न बोलणं हाच घाव असेल.

पुढं २००७ मध्ये समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रूरतेची उदाहरणं देऊन चित्र आणखी स्पष्ट केलं. सततची मानहानी, दीर्घकाळ चाललेली उपेक्षा, संबंधच तोडून टाकणं, ज्यामुळे एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येणार नाही असं सातत्याचं वागणं. संसारातल्या नेहमीच्या कुरबुरी मात्र क्रूरता नव्हेत, हेही त्यात बजावलं आहे. घरोघरी मातीच्या चुली हे खरं. पण चुलीचा चटका आणि रोज हात धरून निखाऱ्यावर ठेवणं ह्यातला फरक न्यायालयाला कळतो. हुंड्याची मागणी ही क्रूरता आहे, हे १९८८ पासून ठरलेलं आहे. आत्महत्येच्या धमक्या देत जोडीदाराला धाकात ठेवणं आणि त्याच्यावर बिनबुडाच्या फौजदारी तक्रारी करणं, हीसुद्धा क्रूरता ठरलेली आहे. म्हणून 'हल्ली बायका खोट्या केसेस करतात' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच : खोट्या तक्रारीवर उपाय कायद्यात आहे. खऱ्या तक्रारदाराचं तोंड बंद करणं हा उपाय नाही.

क्षमेचा प्रश्न

आणि तरीही दास्ताने खटल्यात नवरा हरला. कसा, ते समजून घेण्यासारखं आहे.

न्यायालयानं म्हटलं, क्रूरता झाली हे खरं. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अर्जदारानं ती क्रूरता माफ केलेली नाही, ह्याची खात्री न्यायालयाला पटली पाहिजे. समोरच्यानं हा बचाव घेतलेला नसला तरी ते पाहणं न्यायालयाचं कर्तव्य आहे. ह्या जोडप्याचं सहजीवन त्या काळात नेहमीसारखं चालू होतं, मूल झालं होतं. त्यावरून क्षमा झाली असं धरलं गेलं. ती क्षमा सशर्त असते. पुन्हा अपराध झाला तर जुना अपराध जिवंत होतो. पण नंतरचं वागणं तेवढं गंभीर नाही असं ठरलं आणि अपील फेटाळलं गेलं.

कायद्याचं तत्त्व चुकीचं नाही. मनापासून माफ केलेली गोष्ट दहा वर्षांनी हत्यार म्हणून काढू नये, हे न्यायाचंच आहे. पण हे तत्त्व आपल्या घरांमध्ये उतरतं तेव्हा काय होतं ते पाहू. मी एक उदाहरण कल्पून सांगते. ते कुणा एकीचं नाही.

तापोळ्याच्या पलीकडे, कोयनेच्या पाण्याच्या काठावर एक वाडी आहे असं समजा. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी. जावळी, पाटणच्या कितीतरी घरांची ही कथा आहे : पुरुष मुंबईत, बाई सासू-सासऱ्यांजवळ गावी. नवरा गणपतीला आणि शिमग्याला येतो. येतो तेव्हा संशय घेतो, फोन हिसकावून घेतो, भावकीसमोर नाही नाही ते बोलतो. तो नसतो तेव्हा घरखर्चाला पैसे नसतात आणि घरात कुणी तिच्याशी बोलत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एकदा खरोखरच मार बसतो. लाँचनं, मग जीपनं ती दवाखान्यात पोचते, सोबत सासू. केसपेपरवर लिहिलं जातं, 'पाय घसरून पडली.' आपल्या ह्या पावसात पायऱ्यापायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यामुळे त्या वाक्यावर कुणी शंका घेत नाही.

ती माहेरी येते. चार जाणती माणसं बसतात. आपल्या राज्यात तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली; अनेक बांधावरची भांडणं तिनं मिटवली, ह्याचा मला आदर आहे. पण नवरा-बायकोचं भांडण बांधाच्या मापानं मोजलं जातं तिथं घोटाळा होतो. समेट होतो, कागद होतो. त्यावर एक ओळ हमखास असते : 'आमची आता एकमेकांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' तिची सही किंवा अंगठा. पोलीस ठाण्यातल्या जबाबातही तीच ओळ. ती नांदायला जाते. पुढच्या वर्षी मूल होतं. पेढे वाटले जातात.

आणखी काही वर्षांनी ती माझ्यासारख्या एखाद्या वकिलाकडे येते. आता तिच्याजवळ काय आहे? केसपेपर सांगतो ती घसरली. समेटाचा कागद सांगतो तिची तक्रार नव्हती. मुलाचा जन्मदाखला सांगतो सहजीवन सुरळीत होतं. शेजारीण म्हणते, 'वकीलबाई, सगळं डोळ्यानं बघितलंय, पण साक्षीला बोलवू नका, आम्हाला त्यांच्याच शेजारी राहायचंय.' नोटीस पोचताच नवरा नांदायला येण्याचा दावा टाकतो आणि शपथेवर सांगतो की मी तिला सुखानं नांदवायला तयार आहे.

ह्या सगळ्या कागदांतला एकही त्या बाईनं आपल्या मनानं केलेला नाही. आणि तिच्याविरुद्ध उभे राहतात ते हेच.

म्हणून मी म्हणते, दास्ताने निकाल पुरा वाचा. त्यात क्षमेचे दोन भाग सांगितले आहेत : अपराध माफ करणं, आणि अपराध करणाऱ्या जोडीदाराला मनानं पूर्वीच्या जागी पुन्हा बसवणं. दोन्ही हवेत. भाडं भरायला पैसे नाहीत म्हणून एका छपराखाली राहिलेली बाई, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल म्हणून परत गेलेली बाई, मुलं दुरावतील म्हणून गप्प बसलेला पुरुष ह्यांनी जोडीदाराला त्या जागी बसवलेलं नाही. ज्याला नकार देण्याची सोय नव्हती त्याच्या राहण्यातून क्षमा काढायची नसते. शय्येवरून क्षमा ताडणाऱ्या न्यायालयांनी तिथं नाही म्हणण्याची ताकद त्या बाईजवळ किती होती, हेही विचारलं पाहिजे. वकिलांनी हे ठासून मांडलं पाहिजे. ते मांडायला पुरावा लागतो, आणि तो गावानं पुरवायचा असतो.

ह्या मातीतली उदाहरणं

गावानं हे काम करावं, ही अपेक्षा मी हवेत करत नाही. ह्या मातीनं ते केलेलं आहे. बेचाळीसच्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सातारा जिल्ह्यात गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. सावकारी, दरोडे, जमिनीचे वाद ह्यांच्याबरोबर बायकांना मारहाण करणाऱ्या, टाकून देणाऱ्या नवऱ्यांच्या तक्रारीही ह्या मंडळांपुढं आल्या. घरातला छळ हा गावाचा प्रश्न आहे, चव्हाट्यावर आणण्याजोगा आहे, हे तिथं मान्य झालं. कर्जबाजारी करणाऱ्या लग्नखर्चाला पर्याय म्हणून त्यांनी साधी गांधी-लग्नंही लावली. अर्थात त्या न्यायाला सीमा होत्या. हिंदू स्त्रीला कायद्यानं घटस्फोटच नव्हता, म्हणून नवऱ्याला ताळ्यावर आणून तिला नांदवणं एवढाच रस्ता बऱ्याचदा उरत होता.

पुढचं पाऊल ह्याच मुलखात पडलं. प्रतिसरकारात काम केलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर, आणि त्यांच्या सोबत गेल ऑम्व्हेट व भारत पाटणकर यांनी, १९८० च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून सांगली-साताऱ्यातल्या परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या मागण्या वाचा : आमच्या नावानं स्वतंत्र रेशनकार्ड द्या, राहायला जागा द्या, कसायला जमीन द्या. जिला स्वतःचं छप्पर आहे, तिचं राहणं आणि तिचं जाणं दोन्ही तिच्या इच्छेचं असतं. क्रूरतेविरुद्धच्या लढाईतला सर्वांत भक्कम पुरावा न्यायालयाच्या बाहेर, सातबाऱ्यावर आणि रेशनकार्डावर तयार होतो, हे त्या बायकांनी वकिलांच्या आधी ओळखलं होतं.

वाट कशी आहे

आता जे ह्या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात.

लग्नाला वर्ष होण्याआधी एरवी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. असाधारण हाल असतील तर न्यायालय परवानगी देऊ शकतं. अर्ज कुठं करायचा? लग्न जिथं लागलं, दोघं शेवटी जिथं एकत्र राहिले, किंवा समोरचा जिथं राहतो तिथं. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नीला ती स्वतः जिथं राहते तिथंही करता येतो. त्यामुळे वाशीच्या नवऱ्यासाठी तिला वाशीला खेटे घालावे लागत नाहीत. खटला चालू असताना उत्पन्न नसलेल्या पती किंवा पत्नीला कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि खर्च मागता येतो. सुनावणी बंद दालनात होते, त्यामुळे गावभर बभ्रा होईल ही भीती बाळगू नका.

घटस्फोटाला वेळ लागतो, आणि तोवर मार खात बसायचं कारण नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून स्त्रीला संरक्षणाचा, त्याच घरात राहण्याचा, खर्चाचा आदेश मागता येतो. शिवीगाळ आणि पैशाची कोंडी ही त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत हिंसा आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करतं, आणि तो करावाच. समेटानं सावरलेले संसार मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला आनंद आहे. पण समेट करायला जाताना कागदावर 'तक्रार नाही' ही ओळ लिहू नका. काय घडलं ते तारखेसह लिहा. पुन्हा तसं वागणार नाही हे कबूल करून घ्या. आणि शेवटी लिहा, की ही एक संधी आहे, झाल्या गोष्टींवरचा हक्क सोडलेला नाही. एवढा एक परिच्छेद पुढं न्यायालयात मोलाचा ठरतो. ज्याला खरंच सुधारायचं आहे, त्याला हा परिच्छेद जड जाणार नाही.

आपल्याकडून काय हवं

श्रोतेहो, माझं मागणं तुमच्याकडे आहे. दवाखान्यात काम करणाऱ्यांनो, 'घसरून पडली' असं कुणी सोबतचं माणूस सांगत असेल, तर त्याला दोन मिनिटं बाहेर बसवा आणि जिला लागलंय तिला विचारा. ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत केसपेपरवर उतरवा. समेटाला बसणाऱ्या जाणत्यांनो, कोऱ्या मनानं ऐका, आणि त्या दोघांचं म्हणणं वेगवेगळं ऐका. शेजाऱ्यांनो, साक्षीला या. पुराव्याचं पारडं थोडंसं झुकलं तरी पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये सांगितलेलं आहे. तुमच्या चार वाक्यांनी ते झुकतं.

आईबापांनो, मुलीला किंवा मुलाला परत पाठवण्यापूर्वी एक विचारा, 'तुला जायचंय का?' तिनं नाही म्हटलं, तर तिच्या नावावर एक खोली करा, तिचं नाव रेशनकार्डावर घ्या, वडिलार्जित जमिनीत तिचा जो कायदेशीर हिस्सा आहे तो हक्कसोड न मागता तिला द्या. ती त्यानंतर नवऱ्याकडे गेली, तर तिचं जाणं खरोखर क्षमेचं असेल आणि त्या संसाराला पाया असेल. नाही गेली, तर न्यायालयात 'राहिलात कशाला' असं तिला कुणी विचारू शकणार नाही.

लग्न टिकावं असं मलाही वाटतं. दोघांनाही निघून जाता येत असताना ते टिकलं, तरच त्याला मी टिकणं म्हणेन.